मोजेवालीचे पाय

मोतद्दाराने घोडीचा पुढचा डावा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि डॉक्टरांनी चिमट्याने खपली धरली. खपली सुटली तसा तिच्याबरोबर केसांचा एक झुपका आला, रंगाच्या ब्रशासारखा, आणि खालची गुलाबी, ओलसर कातडी उघडी पडली. घोडीने अंग आक्रसलं, पण पाय ओढून घेतला नाही.

"पू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या मंगळवारपेक्षा जास्त."

"मागच्या मंगळवारी खपल्या तीन होत्या. आज सात आहेत," मोतद्दार म्हणाला.

घोडी अंगाने तांबडी होती. पुढचे दोन पाय तेवढे खुरापासून वीतभर वर पांढरेशुभ्र होते, म्हणून घोड्यावर बसायला शिकणाऱ्या मुलांनी तिला मोजेवाली नाव दिलं होतं. दुखणं नेमकं त्या मोज्यांतच होतं.

डॉक्टर वयाने लहान होत्या, मोतद्दाराच्या थोरल्या मुलीएवढ्या. त्यांनी चिमटा पुसला आणि आवाज खाली आणला.

"काका, खरं सांगा. पाणी लावलंत?"

"नाही."

"थोडंसं? सवयीनं?"

"एक थेंब नाही."

"मग इथंच घोडं पेंड खातंय."

"आमची घोडी पेंड खात नाही, डॉक्टर. चंदी खाते," तो म्हणाला, पण हसला नाही.

आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. जंतू कातडीवर नेहमीच असतात, बिचारे गप्प बसून असतात. पण कातडी सतत ओली राहिली की मऊ पडते, आणि मऊ पडली की दार उघडं मिळतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः औषधाच्या पाण्याने पाय धुतले, कोरडे केले, सुई टोचली, मलम दिलं आणि बजावलं की आता बरं होईपर्यंत पाणी बंद. फक्त कोरडं फडकं.

मोतद्दाराला हे ऐकायला जड गेलं होतं. घोड्याचे पाय धुणं ही त्याच्या पागेची रीत होती. 'आधी घोड्याचे पाय, मग आपले' हे वाक्य इथे आलेल्या प्रत्येक मुलाला पाठ होतं. खाली उतरायचं, बादली घ्यायची, चारही पाय धुवायचे, खूर उचलून आत बघायचं, पुसायचं, आणि मगच स्वतःच्या बुटाच्या नाड्या सोडायच्या. कुणाची आई दाराशी कितीही ताटकळली तरी या रीतीत बदल नव्हता. तरीही डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली आणि मोजेवालीची बादली उचलून कोठीत ठेवून दिली.

आता पागेच्या मालकीण, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"शनिवारपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "आणखी आठ घोडी आहेत माझी. त्यांना लागलं तर मुलांना काय लाकडी घोड्यावर बसवू? शनिवारी फरक नसेल तर हिला न्यायला गाडी येईल."

"कुठं नेतील?"

"पाय न बघता घेतात असे लोक असतात," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पायांना फडकं तो रोज सकाळीच लावायचा. बुधवारी संध्याकाळी चंदी घेऊन तो मोजेवालीच्या ठाणावर गेला. ते ठाण पागेच्या अगदी टोकाला होतं. रस्त्याकडच्या छोट्या दाराजवळ तिला मुद्दाम एकटीला ठेवलं होतं. त्याने वाकून पायाला हात लावला आणि हात तसाच धरून राहिला. केस ओले होते. पुढच्या पायांखालचा पेंढाही ओला होता.

त्याने वर पाहिलं. छप्पर धड होतं आणि आभाळात ढग नव्हता. लघवी म्हणावी तर घोडी पुढच्या पायांवर कशी करेल? राहता राहिला प्यायच्या पाण्याचा टोप. तिने पाय मारून हिंदकळवला असेल. त्याने टोप काढून नेला आणि गुरुवारपासून तिला हाताने धरून पाणी पाजलं, शेवटचा घोट होईपर्यंत समोर उभा राहून. सकाळी पाय कोरडे होते. दुपारी कोरडे होते. चार वाजता तो मैदानावर बाकीच्या घोड्यांना खोगिरं घालायला गेला, सहाला परत आला, तर पाय ओले.

त्याने ठाणाजवळचा नळ घट्ट बंद केला, चावी काढली आणि ती मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"तुमच्याजवळ असू द्या. मी मागितली तरी देऊ नका."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना त्याने बायकोला विचारलं, "माणूस एखादं काम करतो आणि त्याला ते केल्याचं कळतच नाही, असं होतं का गं?"

"तुमचं होतं," ती म्हणाली. "परवा माझा कप धुऊन पालथा घातलात. चहा होता त्यात. मी अजून प्यायचे होते."

"कधी?"

"घ्या. हेच म्हणते मी."

तो आपल्या हातांकडे बघत बसला. बोटांची टोकं पांढुरकी आणि फुगीर होती, जन्मभर पाण्यात राहिलेली. हे हात त्याला न विचारता उठत असतील तर? मैदानावरून तो मधेच येत असेल, पाय धुऊन परत जात असेल, आणि मधला तेवढाच तुकडा डोक्यातून गळून पडत असेल. त्या दिवशी मैदानावर त्याने दोन्ही हात पाठीमागे एकात एक अडकवून ठेवले. घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या सरांनी दोनदा विचारलं, पाठ धरली का. सहा वाजता पाय ओले होते. आता खपल्या नऊ झाल्या होत्या, आणि एकीखालून पिवळं पाणी झिरपत होतं.

मोजेवालीने आपलं तोंड त्याच्या खांद्यावर ठेवलं. तिचं काही म्हणणं नव्हतं.

शनिवारी डॉक्टर पाचला येणार होत्या. पावणेचारला त्याने सरांना सांगितलं, "आज खोगिरं तुम्ही घाला." आणि तो ठाणासमोरच्या वैरणीच्या खोलीत, दाराच्या फटीला डोळा लावून, पोत्यावर बसला. आपण काय बघायला बसलो आहोत हे त्याला नक्की ठाऊक नव्हतं. आपण स्वतःच समोरून येताना दिसलो तर काय करायचं, असाही एक वेडा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

चार वाजून पाच मिनिटांनी रस्त्याकडचं छोटं दार किलकिलं झालं. आत एक हात आला, मग वेणी, मग सगळी खारूताई. कुंपणावर सदा सरसर चढते म्हणून तिला ते नाव पडलं होतं. वय वर्षं दहा. तिच्यामागून एकेक करत बाकीची आठ मुलं आली आणि न बोलता रांगेत उभी राहिली. खारूताईने घोडीच्या मानेवर थोपटलं, गळ्यातली पाण्याची बाटली काढली, खाली बसली आणि अर्धी बाटली एका पायावर ओतली, अर्धी दुसऱ्यावर. बोटांनी केस विंचरून माती काढली. मग फडकं नसल्यामुळे आपल्या बाहीने पाय पुसला. खालून वर नाही, वरून खाली. मोतद्दाराने शिकवलं होतं अगदी तसं.

"पुढचा," ती म्हणाली.

तो बाहेर आला तेव्हा चौथी बाटली रिकामी होत होती. मुलं दचकली, पण पळालं कुणी नाही.

"आजोबा, तुम्ही नका येऊ इथं," खारूताई घाईघाईने म्हणाली. "तुम्हाला बंदी आहे ना?"

"कसली बंदी?"

"डॉक्टरबाईंनी घातलेली. आम्ही कुंपणावर होतो तेव्हा. त्या रागावून म्हणाल्या, तुम्ही हिच्या पायांना पाणी लावायचं नाही. तुमची बादलीपण काढून घेतली."

"आणि नळाची चावीसुद्धा," एक जण म्हणाला. "मोठ्या बाईंच्या टेबलावर मी बघितली."

"मग हिचे पाय कोण धुणार?" खारूताई म्हणाली. "आजारी असेल तर जास्तच धुवायला पाहिजेत. म्हणून आम्ही घरून पाणी आणतो. रोज. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मग तुम्हालाच ओरडले असते."

मोतद्दार तिथेच पेंढ्यावर बसला. रागवायचं की नऊही जणांना जवळ घ्यायचं, हे त्याला समजेना. त्याने घोडीच्या पायांकडे पाहिलं. पायांवरून पाण्याचे थेंब निथळून खुराच्या कडेला थबकत होते.

"पोहायला जाता ना तुम्ही?" तो म्हणाला. "खूप वेळ पाण्यात राहिलं की बोटांचं काय होतं?"

"सुरकुततात."

"मनुकांसारखी होतात."

"आणि कडक होतात की मऊ?"

"मऊ."

"हिच्या पायांचं तेच झालंय. मऊ कातडीतून जंतू आत जातात. डोळ्यांना न दिसणारे. डॉक्टरबाईंनी बंदी मला नाही घातली. पाण्याला घातली. कुणाच्याही हातचं पाणी."

रांगेत शेवटी उभ्या असलेल्या सगळ्यात लहान मुलाने आपली भरलेली बाटली पाठीमागे नेली.

"म्हणजे आम्ही हिला आजारी केलं?" त्याने विचारलं.

मोतद्दाराने तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकाशी डॉक्टरांची गाडी थांबली. आज त्या वेळेआधीच आल्या होत्या. त्यांच्याबरोबर मोठ्या बाईही ठाणापर्यंत आल्या. डॉक्टर खाली बसल्या, पायाला बोट लावलं आणि ते बोट बाईंना दाखवलं.

"ओला आहे. आत्ता, या क्षणी ओला आहे. असं असेल तर कुठलंही औषध लागू पडणार नाही. आणि पाणी लागत नसेल तर हे बरं न होण्याचं काही कारण नाही. दहा दिवस कोरडं राहू दे फक्त."

"मग हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

लहान मुलाचा खालचा ओठ हलायला लागला होता.

"मी," मोतद्दार म्हणाला.

"तुम्ही?"

"मीच. सवय."

बोलून झाल्यावर तो क्षणभर घोटाळला. हे खोटं झालं की खरं, याचा त्याला पत्ता लागेना. आधी घोड्याचे पाय, मग आपले. बाटल्या त्यांच्या होत्या, पण वरून खाली पुसणारी बोटं कुणाची होती? शब्द परत घ्यावेसे त्याला वाटले नाहीत.

"इतकी वर्षं मी तुमच्या शब्दावर घोडी विकत घेतली," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "चावी काय आणून दिलीत मला, देखावा म्हणून? ठीक आहे. गाडीला मी नको सांगते. घोडी राहील. पण दहा दिवस तुम्ही या ठाणावर पाऊल टाकायचं नाही."

"बरं."

डॉक्टर अजून खालीच बसल्या होत्या. तिथून त्यांना मुलांच्या बाह्या अगदी डोळ्यांसमोर दिसत असणार, कोपरापर्यंत भिजलेल्या. एकेका बाहीवरून त्यांची नजर फिरली. मग त्यांनी मोतद्दाराकडे पाहिलं. त्याने पेंढ्याची एक काडी उचलून मोडली.

"मग कोरडं कोण करणार हिला?" डॉक्टरांनी विचारलं. "रोज बघायचं. फडकं घासायचं नाही, नुसतं दाबायचं. ओलं लागलं तर का लागलं ते शोधायचं. कुणाला जमेल?"

खारूताईचा हात वर गेला.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "आधी ती बाही पिळून ये."

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही मुलं आली. मोतद्दार मैदानाच्या पलीकडे, भिजवलेल्या चंदीच्या पिंपाशेजारी, एका घोड्याला खरारा करत होता. तिथून टोकाचं ठाण दिसत होतं, पण हातभर रुंदीचं. खारूताई कोरडं फडकं घेऊन खाली बसलेली होती आणि लहान मुलगा तिच्याजवळ वाकून उभा होता. तिने फडकं पायाला लावलं, दाबलं, काढलं, फडक्याकडे पाहिलं. मग मैदान ओलांडून तिची नजर थेट त्याच्याकडे आली. बरोबर आहे का, असं ती विचारत होती. आजवर रोज घोड्याचे पाय पुसताना ती असंच विचारायची, आणि रोज तो मान हलवायचा.

त्याने खरारा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि घोड्याच्या दुसऱ्या अंगाला गेला, जिथून ते ठाण दिसत नव्हतं. तिथे त्याने तीच ती जागा बराच वेळ घासली. मग राहवेना, म्हणून घोड्याच्या मानेखालून त्याने हळूच डोकावून पाहिलं.

ती आता त्याला शोधत नव्हती. गाल जवळजवळ पेंढ्याला टेकवून, दोन बोटांनी पांढरे केस बाजूला करून, ती पाय बघत होती.