निकाल पुढच्या वर्षी

कोटाचं मधलं बटण काही केल्या काजात शिरेना.

"पोट आत घे, ऑरिन. गेल्या वर्षी राष्ट्राध्यक्ष एवढे सुटलेले नव्हते," ओठांत टाचणी धरून बर्डेट म्हणाला.

"गेल्या वर्षी तुझ्या बायकोनं सफरचंदाच्या पाईला लोणी कमी घातलं होतं."

"तिच्या पाईला नावं ठेवशील तर यंदा फाशीच देतो तुला."

"देताय कुठे! तुमच्याच्यानं साधा निकाल लागत नाही."

हे मात्र खरं होतं. नेब्रास्कात दुसऱ्या गावांच्या जत्रा भोपळ्याच्या नाहीतर डुकरांच्या. टॅलमनच्या वाट्याला राष्ट्राध्यक्ष आला होता. राष्ट्राध्यक्ष हॉलिस्टर इथे जन्मला, इथेच पुरला गेला. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाजवळच्या शनिवारी अग्निशामक बंबाच्या खोलीतून बंब बाहेर काढत, खुर्च्या मांडत आणि त्याच्यावर खटला चालवत. आरोप एकच: दूर देशातलं ते युद्ध. ते हरलंय हे कळूनही त्यानं आणखी पोरं पाठवली.

खटला रीतसर चाले, दोन्हीकडून भाषणं होत, आणि शेवटी निकाल पुढच्या वर्षावर जाई. न्यायाधीश बर्डेट होई. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे माणसाचा हिशेब त्याला कळे. सुटला म्हणावं तर अर्धं गाव रुसणार, दोषी म्हणावं तर उरलेलं अर्धं. आणि एकदा निकाल लागला की पुढच्या वर्षी पाई खायला येणार कोण?

ऑरिन शाळेची बस चालवत असे. लांबोडा चेहरा आणि लोंबत्या कानाच्या पाळ्या देवानं दिल्या होत्या. हॉलिस्टरसारखे जाड कल्ले त्यानं स्वतः राखले. आरोपीच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्या कल्ल्यांपायी त्याचं एक लग्नही हुकलं होतं. शेजारच्या गावच्या एका विधवेनं अट घातली, कल्ले काढ. ऑरिननं विचार करायला वेळ मागितला. तिनं तो दिला नाही. टॅलमनचा माणूस आणखी काय मागणार!

"एक सांगायचं राहिलं," बर्डेट आवाज उतरवून म्हणाला. "क्रॉसबाईंनी पाई आणलीय."

ऑरिनचा हात बटणावरच थांबला. जी पाई आणील तिच्या नावाची चिठ्ठी डब्यात पडे आणि बारा चिठ्ठ्यांचे बारा पंच होत. क्रॉसबाईंनी आजवर कधी पाई आणली नव्हती. त्यांचा एकुलता मुलगा वेंडल त्या युद्धात गेला होता.

"आणि चिठ्ठी?"

"निघाली ना. पहिलीच." बर्डेटनं टाचणी काढली. "डॉक्टरनं त्यांना सांगितलंय म्हणे, हिवाळा काही निघायचा नाही."

क्रॉसबाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना गोष्टी शिकवल्या होत्या, आणि त्याही बहुतेक काळ्याकुट्ट. हसरं गाव, स्वच्छ कुंपणं, आणि शेवटच्या पानावर अंगावर काटा. "काळी गोष्ट भुताची नसते," बाई सांगत. "तिच्यात सगळी चांगलीच माणसं असतात. काहीतरी वाईट चाललेलं असतं आणि कोणी उठत नाही, एवढंच." ऑरिन मागच्या बाकावरून दर वेळी विचारायचा, "मग कोणीच कसं उठलं नाही, बाई?"

"उठलं असतं तर गोष्ट झाली नसती. बस खाली."

खटला सुरू झाला. सरकारी वकील म्हणून उभा राहिलेल्या पशुवैद्यानं गावातल्या मेलेल्या पोरांची नावं वाचली. बचावाला गावचा न्हावी होता. त्यानं हॉलिस्टरनं केलेला म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा कायदा काढला, शेतापर्यंत आलेला रस्ता काढला. ऑरिन ऐकत राहिला. त्या कायद्यावर त्याची आई नऊ वर्षं जगली होती. त्याच हातानं कायद्यावर सही केली आणि त्याच हातानं पोरं पाठवली. जमा कुठली, खर्च कुठला? आणि वेंडलच्या तुकडीला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेलेली बस ऑरिनच चालवत होता. तेव्हा बाई खिडकीशी येऊन इतकंच म्हणाल्या होत्या, "हळू ने रे गाडी." त्यानं ती वेळेवर नेली होती.

पंच मागच्या खोलीत गेले. एरवी कॉफी उकळायच्या आत ते परत येत. आज कॉफी कडू झाली तरी दार उघडेना. भिंत पातळ फळीची आणि आरोपीची खुर्ची तिलाच टेकून, त्यामुळे ऑरिनला सगळं ऐकू येत होतं.

"लिओटा, अगं, तो हॉलिस्टर मेलाय," पाद्र्याची बायको क्रॉसबाईंना म्हणत होती. "आता निकालाचं काय लोणचं घालायचंय?"

"दोषी म्हणा, मी सही करते. निर्दोष म्हणा, तरी करते," हा क्रॉसबाईंचा आवाज. "पण काहीतरी एक म्हणा. माझा पोरगा कशापायी गेला, ते गावानं एकदा तोंडानं सांगावं."

"पुढच्या वर्षी बघू की."

"पुढच्या वर्षी मी नाहीये."

मग बर्डेटची बायको मायेनं म्हणाली, "असं नाही बोलू गं. तुझी पाई मी करीन ना."

थोड्या वेळानं बाराही जणी बाहेर आल्या. अकरा खाली बसल्या. क्रॉसबाई काठी टेकून उभ्याच राहिल्या. बर्डेटनं बंबाची घंटा वाजवली.

"पंचांचं एकमत झालेलं नाही. तेव्हा निकाल..."

"पुढच्या वर्षी!" सगळी खोली एका सुरात ओरडली. हे ओरडायला पोरं वर्षभर वाट बघत.

बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. समोर बसलेले बहुतेक त्यांचेच विद्यार्थी. प्रत्येकाला ताटलीतल्या पाईत अचानक काहीतरी बघण्यासारखं सापडलं होतं.

ऑरिन उठला. मधलं बटण तुटून पडलं आणि लाकडी जमिनीवर घरंगळत गेलं.

"बाईंना उत्तर द्या," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "माझी आई याच्या कायद्यावर जगली. ते मी विसरलो नाही. पण पोरांच्या बाबतीत... दोषी. मी म्हणतो, दोषी."

ऑरिनला वाटलं, आता आणखी कोणीतरी उठेल. मागे एक खुर्ची करकरली देखील. मग कोणीतरी हसलं, आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

"आरोपीच कबूल झाला रे!"

"यंदा मजा आणलीस, ऑरिन!"

बर्डेट डोळे पुसत, हसत हसत घंटा बडवू लागला. "आरोपीला बोलायची परवानगी नाही! आणि त्याचं मत धरत नाहीत! निकाल..."

"पुढच्या वर्षी!"

बाहेर ऑरिननं आपल्या ट्रकचं दार बाईंसाठी उघडलं. त्यांच्या हातात त्यांची पाई होती. संकोचानं तिला कोणी सुरी लावली नव्हती.

"आधी तो कोट काढ," बाई म्हणाल्या. "त्याच्याबरोबर मी घरी जायची नाही."

त्यानं कोट मागे टाकला. गाडी मक्याच्या शेतांमधून निघाली. बाई म्हणाल्या, "उठलास."

"उशीर झाला, बाई."

"हो. झाला." बाईंनी कधी कोणाला फुकटचे मार्क दिले नव्हते. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "गोष्ट बिघडवलीस माझी." ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि आज गाडी हळू चालवतोयस."

"हो, बाई."

फेब्रुवारीच्या बर्फात बाई गेल्या. पुरून आल्यावर ऑरिननं कल्ले काढले. आरशात एक अनोळखी, लांबोडा म्हातारा दिसला. गालांवर उन्हानं न रापलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या.

त्या वर्षी बर्डेटनं कापडदुकानातला लाकडी पुतळा आणून त्याला कोट चढवला. बटणं पहिल्या झटक्यात लागली. पुतळा उठत नाही की पाईला नावं ठेवत नाही. लोकांना तो आवडला. बारा पंच आले, कॉफी उकळायच्या आत परतले. बर्डेटच्या बायकोनं शब्द पाळला होता: टेबलावर एका पाईपुढे क्रॉसबाईंच्या नावाचं कार्ड होतं, आणि तिचे तुकडे सर्वांत आधी संपले.

ऑरिन मागच्या भिंतीशी होता. त्याला चटकन कोणी ओळखलं नाही. एका पोरीनं आपल्या शेजारची रिकामी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा ना, काका."

त्यानं नको म्हणून मान हलवली. पुढे घंटा वाजली, खोली एका सुरात ओरडली, ताटल्या हलल्या, माणसं पुन्हा खायला लागली. टोपी हातात घेऊन ऑरिन उभाच राहिला.