पुसलेल्या छत्तीस चिठ्ठ्या

उंदरांच्या जनुकांवरचा प्रकल्प घेतल्यापासून तिसऱ्या वर्षाच्या वर्गानं तिचं नाव माऊ पाडलं होतं. गोदामातले, कालव्याकाठचे आणि दवाखान्यामागच्या आवारातले उंदीर एकमेकांपासून किती वेगळे आहेत, एवढंच तिला शोधायचं होतं. पिंजरे लावायचे, सापडलेल्या उंदराच्या कानाची तांदळाच्या दाण्याएवढी कड कापून स्पिरिटच्या कुपीत टाकायची आणि त्याला तिथंच सोडून द्यायचं. दोन महिने भल्या सकाळी उठून, तीनदा चावून घेऊन तिनं छत्तीस कुप्या जमवल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं जागा आणि क्रमांक.

तिचा जोडीदार मोती. अक्षर मोत्यासारखं म्हणून मोती. बाकी सगळा आनंदीआनंद. माऊ तापानं दोन दिवस घरी पडली, तर या पठ्ठ्यानं तिच्या गिचमिड अक्षरातल्या चिठ्ठ्या सोलून टाकल्या आणि निळ्या शाईनं नव्या लिहून चिकटवल्या.

सोमवारी तिनं प्रयोगशाळेचा फ्रीज उघडला. झाकणांतून स्पिरिट पाझरलं होतं. छत्तीसच्या छत्तीस चिठ्ठ्यांवर नुसते निळे ओघळ.

"नीटनेटकं दिसावं म्हणून केलं गं," मोती पुटपुटला.

"कुणाला दिसावं? उंदरांना?"

"शाई विरघळेल असं वाटलं नव्हतं."

"मी पेन्सिल काय हौसेनं वापरत होते?"

प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या बाईंनी कुप्या उजेडात धरून पाहिल्या. "कुठला उंदीर ते माहीत नसेल, तर हा नुसता कानाचा तुकडा. अहवालाला तीन आठवडे आहेत. पुन्हा पकडा." एवढं बोलून त्या तासाला निघून गेल्या.

घरी आईनं विचारलं, "संपले का गं तुझे उंदीर?" माऊनं दप्तर असं आपटलं की आईनं पुढचा प्रश्न गिळला.

पुन्हा तेच पिंजरे, तेच शेंगदाणे. मोती मुकाट्यानं ओझी वाहायचा, आणि त्याच्या त्या मुकाट्यानं वाहण्याचाही तिला संताप यायचा. भांडला असता तर निदान भांडता तरी आलं असतं! पहिले चार दिवस पिंजऱ्यात मुंग्यांखेरीज काही आलं नाही. पाचव्या दिवशी गोदामात एक उंदीर सापडला. माऊनं त्याला कापडी पिशवीत धरलं, कान चिमटीत घेतला आणि ती थबकली. कानाची कड आधीच कापलेली होती.

"मोती, हा आपलाच!"

"म्हणजे वाया गेला?"

"अरे शहाण्या, याचा जुना तुकडा त्या छत्तिसांतच आहे. दुसऱ्या कानाचा घेऊ. ज्या कुपीशी जनुकं तंतोतंत जुळतील, ती कुपी गोदामाची!"

मग दोघं कापलेल्या कानाच्या मागे हात धुऊन लागले. तीन आठवड्यांत असे अकरा परत सापडले, नवे नऊ मिळाले. अकरा कुप्यांना त्यांचा पत्ता परत मिळाला. उरलेल्या पंचवीस बाईंनी बाजूला ठेवायला लावल्या, तेव्हा माऊनं त्या एकेक पुसून खोक्यात रचल्या. हाती आलेल्या विसांवरून दिसलं ते असं: गोदामातले उंदीर जवळजवळ एकाच कुटुंबातले, कालव्याकाठचे मात्र नाना घराण्यांचे. बाई म्हणाल्या, "आकडा लहान आहे, पण खरा आहे."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल चाळला. "दोन महिने खपून नमुने एवढेच?"

माऊ उत्तर जुळवत होती, तोच शेजारून आवाज आला. "सर, चूक माझी. हिच्या चिठ्ठ्या मी बदलल्या."

महिनाभर तिला हेच वाक्य हवं होतं. बाईंसमोर, वर्गासमोर, निदान जिन्यात तरी. आणि या माणसाला ते सुचलं इथं, तिची गुणपत्रिका समोर असताना! तिनं टेबलाखालून त्याचा पाय चेचला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "बरं. मग तुम्ही काय केलंत?"

माऊनं कपाळावरची बट मागे सारली आणि गोदामातल्या त्या पिंजऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.