बाईंना काय सांगायचं

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डॉक्टरबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिथल्या खुर्चीत बसायला त्या वाकल्या. पहिल्या मजल्यावरही अशीच एक होती, प्लॅस्टिकची. हिच्यावर तर कुणीतरी उशीसुद्धा बांधली होती.

"बसा, बसा," शेजारच्या दारातून एक बाई म्हणाल्या. "काकांची आहे, पण ते काही बोलायचे नाहीत. वरही आहे एक. त्यांना दर मजल्याला टेकावं लागतं ना, म्हणून आम्हीच ठेवल्यात."

डॉक्टरबाईंचं बसायचं राहूनच गेलं. जिना आपण एका दमात चढतो, असं काका त्यांना गेली कित्येक वर्षं सांगत होते.

काका कारखान्यात वाफेच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचे. त्याच्या धुळीत आयुष्य काढलेल्या कामगारांच्या फुप्फुसांवर डॉक्टरबाईंचं संशोधन चाललं होतं. तपासणीच्या दिवशी ही सगळी म्हातारी मंडळी भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून, लग्नाला निघाल्यासारखी दवाखान्यात हजर व्हायची. एक्स-रे आधीपेक्षा वाईट आणि प्रश्नांची उत्तरं मात्र झकास! या कोड्यानं डॉक्टरबाईंची झोप उडाली होती. या खेपेला काकांचा पाय मुरगळल्याचा निरोप आला, म्हणून त्या स्वतःच घरी आल्या होत्या.

दार काकूंनी उघडलं. काका पलंगावर ताठ बसले होते. दोन्ही पाय चांगले ठणठणीत दिसत होते.

"या बाई! उगाच तसदी घेतलीत."

"दम लागतो का, काका?"

"छे!"

"रात्री खोकला?"

"नावालाही नाही." एवढं बोलून काकांनी ओठ घट्ट मिटले. खांदे दोनदा हलले. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आणि जिना?"

"एका दमात."

डॉक्टरबाईंनी पेन बंद केलं.

"काका, मी खुर्च्या बघितल्या."

काकांनी मान खाली घातली. काकूंनी मात्र संधी सोडली नाही.

"सांगा आता! रात्ररात्र भिंतीला टेकून बसलेले असतात हो. पाय कसला मुरगळतोय? खाली उतरले तर वर यायचं कसं, ही खरी पंचाईत."

"पण मला का नाही सांगितलंत?"

काका चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

"त्या धुळीत जन्म गेला, बाई. साहेब लोक नाकाला रुमाल लावून यायचे आणि काम कुठवर आलं तेवढं विचारायचे. झोप लागते का, असं तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. मी खरं सांगायला लागलो, तर तुमचं तोंड एवढंसं झालं. इतकं करता तुम्ही आमच्यासाठी. तुम्हाला काय रडगाणं ऐकवायचं?"

डॉक्टरबाईंना राग यायला हवा होता. इतक्या वर्षांची उत्तरं पाण्यात गेली होती. पण तो आलाच नाही. आपण या माणसांना जपतो आहोत असं त्या समजत होत्या, आणि इकडे हीच माणसं त्यांना जपत होती. त्यांना फार कृतज्ञ वाटलं.

"काका, खरं कळलं तर घरी ऑक्सिजनचं मशीन देता येतं. तुम्ही ठणठणीत आहात म्हटल्यावर मी ते कुणाकडे मागू?"

"म्हणजे झोप लागेल यांना?" काकूंनी विचारलं.

"लागेल, काकू. आत्तापेक्षा नक्की बरी."

काकांनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे मी सगळ्यांचंच वाटोळं केलं की."

"सगळ्यांचं?"

"आमचं ठरलंय ना, बाई. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या ठरलं. बाईंना वाईट काही सांगायचं नाही. टूम माझीच."

डॉक्टरबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. तोवर काकांनी फोन उचलून कारखान्यातल्या जोडीदाराला लावला होता. पाइपाचं एक टोक काकांकडे, तर दुसरं याच्याकडे, असे दोघे जन्मभर राबले होते. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन त्यांनी पलंगावर ठेवला.

"ऐक, बाईंना खरं सांगून टाकलं मी."

"फोडलंस? शेवटी फोडलंसच!" जोडीदार ओरडला. "रागावल्या?"

"नाही रे. इथंच बसल्यात."

पलीकडून खोकल्याची एक उबळ आली, आणि लगेच दाबलेली कळली.

काकांनी फोन डॉक्टरबाईंच्या हातात दिला आणि स्वतः तोंड जवळ नेऊन म्हणाले, "खोक रे, मोकळेपणानं खोक. बाई ऐकतायत."