मगदुमाचं अंथऊ

श्रेणिक मगदूम तसा खोटं बोलणारा मुलगा नव्हता. पण एकदा बोलला आणि ते नेमकं छापून आलं. चारचौघांचं खोटं वाऱ्यावर जातं, याचं कॉलेजच्या वार्षिक अंकात फोटोखाली बसलं.

त्रेपन्न सालची गोष्ट. कोल्हापुरात एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलेली त्या वर्गात तीनच डोकी होती. एक श्रेणिक, जयसिंगपूरजवळच्या खेड्यातल्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, जैन बोर्डिंगात राहणारा. दुसरा कृष्णात, गडमुडशिंगीचा. हा पहाटे म्हशींच्या धारा काढायचा, किटल्या सायकलला अडकवून शहरात रतीब घालायचा आणि मग कॉलेजचं बघायचा. तिसरी नंदिनी, मंगळवार पेठेतल्या वकिलांची मुलगी, वादविवाद मंडळाची चिटणीस. या तिघांना शिकवायला गलगलीसर. सरांना दिवसभर बी.ए.चे तास असत, म्हणून एम.ए.चा वर्ग संध्याकाळी पाच ते साडेसहा.

घोळ तिथंच होता. जैनांच्या घरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. उजेड असतानाच संध्याकाळचं जेवण उरकायचं, त्याला अंथऊ म्हणतात. बोर्डिंगात साडेपाचला ताटं मांडली जात आणि दिवस बुडायच्या आत चूल विझे. श्रेणिक वर्गातून परत येई तेव्हा भांडी घासून पालथी पडलेली असत.

पहिले पंधरा दिवस त्यानं उपाशी काढले. सोळाव्या दिवशी कृष्णातनं त्याची सायकल धरली.

"मर्दा, आरशात तोंड बघितलंस का? चल."

पाण्याच्या खजिन्याजवळ, म्हणजे शहराच्या जुन्या टाकीपाशी, एक मिसळीचं हॉटेल होतं. तांबडा कट, वर फरसाण, त्यावर मूठभर कांदा. दिवस मावळल्यावर जेवण आणि वर कांदा, म्हणजे एका थाळीत दोन पापं. पहिल्या दिवशी श्रेणिकनं मान खाली घालून खाल्लं. दुसऱ्या दिवशी रस्सा मागून घेतला. महिन्याभरात हॉटेलवाला त्याला बघितल्याबरोबर कांदा चिरायला घ्यायचा.

असं वर्षभर सुरळीत चाललं. मग थंडी पडली, सरांचा दमा उसळला आणि काही दिवस वर्ग त्यांच्या घरी भरू लागला. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर सरांच्या पत्नीनं, काकूंनी, पोहे आणले. काकू स्वभावानं फार चांगल्या, पण त्यांच्या हाताला तिखट-मीठ माहीत नव्हतं, आणि अर्ध्या तासावर मिसळ होती. श्रेणिक म्हणाला, "नको काकू. दिवस मावळला."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. काकूंचे डोळे भरून आले. "आणि कांदाही घातलाय हो मी, माझ्या लक्षातच नाही आलं," असं म्हणून त्यांनी बशी मागे घेतली. नंदिनी श्रेणिककडे बघतच राहिली. कृष्णात मात्र तीही बशी मागून घेऊन, मान वर न करता दोघांचे पोहे खात राहिला.

जानेवारीत वार्षिक अंकाचं काम निघालं. एम.ए.चे विद्यार्थी म्हणजे कॉलेजची शोभा, तेव्हा त्यांच्यावर एक पान हवं, असं ठरलं. कोण कुठला, कसा शिकला, कॉलेजात काय करतो, छंद काय. काम नंदिनीकडे आलं. कृष्णातनं छंद सांगितला, म्हशी.

"म्हशी हा छंद होत नाही," नंदिनी म्हणाली.

"मग मला छंदच न्हाई."

तिनं 'पशुपालन' असं लिहून घेतलं. श्रेणिकचं काही अडलं नाही. गुळाच्या बाजारपेठेचा अभ्यास, अर्थशास्त्र मंडळाचा चिटणीस, छंद वाचन. नंदिनीला ते फारच अळणी वाटलं असावं. तिनं आपल्या मनानं शेवटी एक वाक्य जोडलं आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखवलं: "शहरात राहूनही श्रीयुत मगदूम सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाहीत. वर्ग चुकू नये म्हणून ते कित्येक दिवस उपाशी झोपतात, पण त्याची वाच्यता करीत नाहीत."

"चालेल ना?" तिनं विचारलं.

श्रेणिकला ते वाक्य ऐकताना कुणा दुसऱ्याच भल्या मुलाबद्दल वाटलं, आणि तो मुलगा त्याला आवडला. तो म्हणाला, "चालंल की."

अंक निघाला आणि दुसऱ्या दिवशी गलगलीसर वर्गात आले ते खाली मान घालून. "मगदूम, दीड वर्ष मी एका मुलाला उपाशी ठेवलं आणि मला कळलंसुद्धा नाही. सोमवारपासून वर्ग सकाळी सातला." श्रेणिकनं तोंड उघडलं, पण सरांनी हात वर केला. "एक शब्द बोलू नका. तुम्ही बोलत नाही हे मला ठाऊक आहे."

माघाची थंडी. सर कानटोपी घालून, गळ्याला मफलर गुंडाळून, धापा टाकत येत. नंदिनी पहाटे उठून घरचं पाणी भरून येई. कृष्णातचा रतीब आठपर्यंत चाले, त्यामुळे साडेआठला सुटणाऱ्या वर्गात तो सव्वाआठला येऊन टेके. पहिल्या दिवशी बाहेर पडल्यावर श्रेणिकनंच विषय काढला.

"तू सांगशील का सरांस्नी?"

"मी का सांगू? तुझं तोंड हाय की," कृष्णात म्हणाला आणि रिकाम्या किटल्या वाजवत निघून गेला.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं त्याच आठवड्यात गावाहून धाकट्या बहिणीचं, राजमतीचं पत्र आलं. अंक गावात पोचला होता. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, उपाध्यांनी ते पान मोठ्यानं वाचलं होतं. पुढं राजमतीनं लिहिलं होतं, "दादा, तुला सांगायचं न्हाई असं आक्कानं बजावलं होतं. तू एम.ए.ला कोल्हापूरला गेलास त्या दिवसापासून ती एकदाच जेवत होती. पोराच्या हातनं शहरात काय चुकलंमाकलं तर माझ्यात धरा, म्हणून. अंक वाचला त्या सांजेला तिनं दीड वर्षानं अंथऊ केलं. दोन भाकरी खाल्ल्या."

आक्का म्हणजे त्याची आई, रत्नाबाई. घरात सगळेच तिला आक्का म्हणत. श्रेणिकनं ते पत्र चार वेळा वाचलं. आता खरं सांगितलं तर आक्काच्या ताटातल्या त्या दोन भाकरी जाणार होत्या. नाही सांगितलं तर रोज चुकणाऱ्या तासांपायी कृष्णातचं वर्ष. त्याला अन्न गोड लागेना, सवयीनं चालूच राहिलेली मिसळसुद्धा. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

पुढच्या बुधवारी कृष्णात सव्वाआठला आला. सर थांबले. खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि म्हणाले, "कृष्णात, ही अशी हजेरी राहिली तर मला तुमची टर्म भरता येणार नाही. मग परीक्षेला बसता येणार नाही."

"व्हय सर," कृष्णात म्हणाला आणि वही उघडली. त्याच्या बापानं याच वर्षापर्यंत शिकायची मुभा दिली होती, हे श्रेणिकला माहीत होतं. कृष्णातनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर श्रेणिकला ते सोसलं असतं.

तो उभा राहिला. "सर, मी अंधार पडल्यावर जेवतो."

"म्हणजे?"

"मिसळ खातो. दीड वर्ष झालं. कांदा घालून." कांद्याचं कुणी विचारलं नव्हतं.

नंदिनीचा चेहरा उतरला. "मग मी छापलं ते?"

"तुम्ही वाचून दाखवलंत. मीच चालंल म्हणालो."

सरांनी मफलर नीट केला. मग एवढंच म्हणाले, "भूक लागते, हे पहिल्याच दिवशी मला का सांगितलं नाही?" सोमवारपासून वर्ग पुन्हा पाचला सुरू झाला आणि कृष्णातची टर्म कशीबशी भरली.

त्या रविवारी श्रेणिक गावी गेला. आक्का घरामागच्या परड्यात मिरच्या निवडत बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"काय खात हुतास?"

"मिसळ."

"कांदा?"

"व्हय."

तिनं चार मिरच्या निवडल्या. "भूक लागत हुती?"

"लई लागत हुती, आक्का."

"मग बोर्डिंगातल्या आण्णांस्नी सांगायचं, मला आदी वाढा म्हणून. वाढलं नसतं व्हय त्यांनी?"

हे खरंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. बी.ए.ला पहिल्या वर्गात आलेल्या मुलाच्या डोक्यात आलं नव्हतं. दिवस कलला तसं आक्कानं त्याला आणि राजमतीला वाढलं, आणि स्वतः चुलीपुढं हात जोडून बसली. तिनं ताट घेतलं नाही. श्रेणिकनं हातातली भाकरी परत ताटात ठेवली.

"आक्का, तू बी बस. आता पाळतो मी."

"छापून आणू नगंस," ती म्हणाली. "दर ऐतवारी ये आन् तोंडानं सांग. मग बघू."

बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट आण्णा यांना विचारायला श्रेणिक सोमवारी गेला. आण्णांनी हिशेबाच्या वहीतून डोकंही वर काढलं नाही. "साडेचारला ये. भाकरी झालेल्या असतात." दीड वर्षाचा प्रश्न इतक्यात मिटला.

तिथून पुढं तो साडेचारला अंथऊ करून वर्गात जाऊ लागला आणि दर रविवारी गावी जाऊन आला. पहिल्या रविवारी आक्कानं ऐकून घेतलं आणि त्याला वाढलं. दुसऱ्या रविवारी तिनं "कांदा?" एवढंच विचारलं. चौथ्या रविवारी दिवस बुडायच्या आधी तिनं आपलं ताट घेतलं आणि त्याच्या शेजारी बसली. भाकरी एकच खाल्ली, पण खाल्ली.

परीक्षेआधीचा शेवटचा वर्ग सरांच्या घरी झाला. तास लांबला, संपला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. काकूंनी पोहे आणले आणि पहिली बशी श्रेणिकपुढे ठेवली.

"घ्या मगदूम," सर म्हणाले, "आता कसला संकोच."

"नको सर. दिवस मावळला."

नंदिनी आधी हसली. मग काकू हसल्या, आणि सर तर इतके हसले की त्यांना खोकला आला. मुलगा झालं-गेलं विसरून स्वतःचीच थट्टा करतोय, याचं त्यांना कौतुक वाटलं. श्रेणिकनंही थोडं हसून घेतलं.

कृष्णात हसला नाही. दोन महिने तो पाण्याच्या खजिन्याजवळ एकटाच मिसळ खात होता. त्यानं श्रेणिकपुढची बशी आपल्याकडे ओढली आणि दोघांचे पोहे मान खाली घालून खाऊन टाकले.