तुकाबाईचा आवाज

माण गावातल्या त्या उंच इमारतींमध्ये निवृत्त माणसाला रिकामं बसू द्यायचं नाही, असा जणू कोणी विडाच उचलला होता. क्लबहाउसच्या तळमजल्यावर ज्येष्ठांचे अभ्यासवर्ग चालायचे. सोमवारी संस्कृत, बुधवारी मोबाइल कसा वापरायचा ते, शुक्रवारी तबला. नोकरीत असताना ज्यांनी फायलीखेरीज काही वाचलं नाही, ती मंडळी आता पाठीला सॅक लावून वेळेच्या आधी हजर असायची आणि पुढची खुर्ची मिळाली नाही तर दिवसभर फुरंगटून बसायची.

सुनीतीबाई ठोसर त्यांच्यातल्याच. वर्ध्याच्या कन्याशाळेत जन्मभर मराठी शिकवलं, नवरा गेला, मग मुलानं, मनीषनं, इकडे आणलं. मनीष आणि सून जुईली सकाळी निघत ते अंधार पडल्यावरच घरी येत. दिवसभर घरात आवाज म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा. ते भरलं की वाजायचं. त्यामुळे वर्ग सुरू झाला की सुनीतीबाई नाव घालायच्या. कसलाही असो, त्यांना विषयाशी फारसं देणंघेणं नव्हतं. कोणीतरी आपल्याला शिकवतंय आणि घरचा अभ्यास देतंय, एवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

त्या वर्षी शनिवारचा नवा वर्ग निघाला, मौखिक इतिहासाचा. शिकवायला निरंजन सर नावाचे तरुण प्राध्यापक यायचे. आसपासच्या गावांतलं एक म्हातारं माणूस गाठायचं, त्याचं आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकायचं, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं आणि शेवटी समारोपाला सगळ्यांना ऐकवायचं. समारोपाला त्या म्हाताऱ्या माणसांना घरच्यांसह बोलवायचं, त्यांचा सत्कार करायचा, अशी पद्धत.

सोसायटीला पाण्याचा टँकर घेऊन येणारा सोमनाथ सुनीतीबाईंच्या ओळखीचा होता. जवळच्या रिहे गावचा धनगर. बोलायला नम्र, कधी मान वर करून बोलायचा नाही. "माजी आय हाय की मॅडम. मेंढरांमागं सारं आयुक्श गेलं तिचं. पर ती बोलायची न्हाई," असं सांगून तो त्यांना घरी घेऊन गेला.

तुकाबाई खरंच बोलायची नाही. पहिल्या खेपेला तिनं चहा दिला आणि शेळ्यांकडे तोंड करून बसली. दुसऱ्या खेपेला सुनीतीबाईंनी मोबाइल पिशवीतच ठेवला आणि तिच्याबरोबर शेंगा निवडायला बसल्या. शाळेत मुकी पोर बोलती करायची कला त्यांच्याकडे होती. आपण गप्प राहायचं, पण उठायचं नाही. हळूहळू तुकाबाई बोलू लागली. नवरा म्हसू मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा ते, वाटेत बाळंत झाली ते, पोर कडेवर घेऊन लगेच दुसऱ्या दिवशी चालली ते. "तुमी" जाऊन "तू" आलं. सुनीतीबाईंना ते फार गोड वाटायचं. वर्ध्याहून आल्यापासून त्यांना कोणी अगंतुगं केलं नव्हतं.

एकदा तुकाबाईची नात राजनंदिनी घरी होती. विशीची, सडपातळ, बोटं सतत कशात तरी गुंतलेली. सुनीतीबाईंना चढ चढून दम लागला होता. पोरीनं न विचारता त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जरा पडा मॅडम, ठोके लई जलद हायेत." पिरंगुटच्या कंपनीत खोकी भरणाऱ्या मुलीला हे कुठून आलं, असं सुनीतीबाईंना वाटलं. त्यांनी मोबाइलवर मुद्रण चालू केलं होतं. पोरगी पाण्याला गेल्यावर त्यांनी तुकाबाईला विचारलं आणि तुकाबाईनं सांगून टाकलं.

राजनंदिनी कंपनीत जातच नव्हती. पौडच्या बाजूला नर्सिंगचा वर्ग होता, तिथं जायची. आता शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. बापानं बारावीनंतर शिक्षण बंद केलं होतं, लग्न होईपर्यंत कामाला जा म्हणाला होता. मग तुकाबाईनं डाव रचला. आपल्या वाट्याच्या शेळ्या एकेक करून परस्पर विकल्या आणि घरी सांगितलं, बिबट्यानं नेल्या. ते पैसे पोरीच्या हातात द्यायची. पोरगी त्यातून वर्गाची फी भरायची आणि उरलेले महिन्याच्या महिन्याला पगार म्हणून बापाच्या हातावर ठेवायची.

"बिबट्याला लई नावं ठिवली मी," तुकाबाई हसत म्हणाली, "पर शेळ्या खाल्ल्या त्या माज्या नातीच्या बुकानं." मग एकदम गंभीर झाली. "परीक्शा झाली, कागुद हातात आला, की सोमनाथम्होरं टाकीन. नोकरी लागल्याली पोर कोन घरी बसवतंय? तवर तोंड मिटून ऱ्हायचं. ह्ये तुज्या-माज्यात बरं का, बाई."

"कोणाला सांगणार नाही," सुनीतीबाई म्हणाल्या आणि तिच्या हातावर हात ठेवला. त्या क्षणी ते खरं होतं.

मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली, आणि निवृत्त शिक्षिका जागी झाली की तिला आवरणं देवालाही कठीण. टँकर रिकामा होत असताना सोमनाथ सहज बोलून गेला, भोरकडचं स्थळ आलंय, पोरीसाठी बघतोय. सुनीतीबाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. परीक्षा दोन महिन्यांवर आणि हा लग्न ठरवतोय. म्हातारीचा गप्प राहायचा बेत फसणार, असं त्यांना दिसू लागलं.

असे बाप त्यांनी पुष्कळ पाहिले होते. शाळेतून पोरीचं नाव काढायला आलेला बाप स्नेहसंमेलनाला बोलवायचा, भरल्या मंडपात पोरीला बक्षीस द्यायचं, तेही बापाच्या हातून, आणि माइकवर म्हणायचं की असा बाप सगळ्यांना मिळो. टाळ्या पडल्या की तो विरघळायचा. दुसऱ्या दिवशी स्वतःच पोरीला शाळेत सोडायला यायचा. सुनीतीबाईंनी हा उपाय किती वेळा केला होता आणि तो कधीच फसला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी कितीतरी लेकी त्यांच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आता ही एक आणखी, एवढंच.

त्यांनी निरंजन सरांना ते मुद्रण ऐकवलं. सरांचे डोळे चमकले. "मॅडम, अहो हाच आपला समारोप! आजीनं शेळ्या विकून नातीला शिकवलं. यापुढं आपण बाकी काय ऐकवणार?" तिला विचारलंय का, असं त्यांनी विचारलं. सुनीतीबाई म्हणाल्या, "विचारलं तर ती नको म्हणेल. तिला माहीत नाही टाळ्यांची ताकद." सरांनी पुढं विचारलं नाही. कोणीच पुढं विचारलं नाही.

समारोपाला क्लबहाउसचा हॉल गच्च भरला होता. तुकाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. शेजारी राजनंदिनी. सोमनाथ इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून आला होता, आणि एवढा मान मिळणार म्हणून भावकीतल्या चार माणसांनाही घेऊन आला होता. त्यात म्हसूचा भाऊ, सोमनाथचा चुलता कुशाबा होता, ज्याच्या शब्दाबाहेर त्या घरात पान हलत नसे.

आधी कोकणच्या वाटेची गोष्ट ऐकवली. लोक हळहळले. मग स्पीकरमधून तुकाबाईचं हसू आलं आणि बिबट्याचं नाव आलं, आणि हॉल खळखळून हसला. शेळ्या कुठं गेल्या ते ऐकताना हसू थांबलं. बायका डोळे पुसू लागल्या. शेवटी सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. तुकाबाईच्या "ह्ये तुज्या-माज्यात" या शब्दांच्या आधीच सुनीतीबाईंनी मुद्रण कापलं होतं.

निरंजन सरांनी माइक हातात घेतला. "अशा मुलीचे वडील आज आपल्यात आहेत. त्यांना मी विनंती करतो." सोमनाथ व्यासपीठावर आला. त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि हसला. सुनीतीबाईंनी ते हसू पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. जमलं, त्यांना वाटलं.

खाली राजनंदिनी आजीचा हात घट्ट धरून बसली होती. तुकाबाई फरशीकडे पाहत होती. कुशाबा उठला आणि बाकीच्या तिघांना घेऊन बाहेर गेला. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. बटाटेवडे आले होते.

त्या रात्रीपासून राजनंदिनीचा फोन बंद लागू लागला. आठवडा गेला, दुसरा गेला. टँकरवर दुसराच ड्रायव्हर यायचा. सुनीतीबाईंना जेवण जाईना. एक दिवस दाराची बेल वाजली. दारात सोमनाथ होता, हातात पेढ्यांचा पुडा आणि लग्नपत्रिका.

"बसत न्हाई मॅडम, लई घरं करायचीत," तो म्हणाला. "पर पयली पत्रिका तुमाला. तुमचं उपकार हायेत माज्यावर. म्हातारी आन् पोरगी मिळून मला येडं करीत हुत्या, गावभर. मला पत्ताच न्हाई. तुमी ऐकवलं म्हनून कळालं. न्हाईतर पोरगी हातची गेली आसती."

सुनीतीबाई पुढं झाल्या. "सोमनाथ, अरे तिची परीक्षा आहे. चार दिवसांवर आली. लग्न नंतर करा, पण परीक्षा देऊ दे तिला. एवढं माझं ऐक."

"परीक्शा कसली आता," तो शांतपणे म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच भयंकर होतं. "मला तितं वर बोलवलंत. म्होरं चुलता बसल्याला, भावकी बसल्याली. समदी हसत हुती. ज्याच्या घरात काय चाललंय त्ये त्यालाच ठावं न्हाई, त्यो बाप मी. आसं हसू झाल्यावर मी पोरीला म्होरं शिकवू? चुलता तितंच म्हनला, महिन्याच्या आत उरकायचं. त्याचं बी बराबर हाय." त्यानं पुडा त्यांच्या हातात दिला. "या बरं का. वाट बगतो."

सुनीतीबाई पुडा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. वर्ध्याच्या मंडपात बसलेले लोक त्या बापांच्याच गल्लीतले असायचे, त्यांचीच टाळी बापाला हवी असायची. इथं टाळ्या परक्यांनी वाजवल्या होत्या, आणि घरच्या माणसांना फक्त त्याची फजिती ऐकू आली होती. हे आता त्यांना लख्ख कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

त्यांनी निरंजन सरांना फोन केला. सर म्हणाले, फार वाईट झालं, पण मुलगी सज्ञान आहे, घरगुती बाब आहे, आपण कुठवर पडणार. मनीष म्हणाला, "आई, तू उगाच मनाला लावून घेतेस. तू चांगल्या हेतूनं केलंस." जुईलीनं महिलांच्या मदतीचा नंबर शोधून दिला. सुनीतीबाईंनी तो लावला. पलीकडची बाई म्हणाली, मुलीनं स्वतः बोलायला हवं. मुलीचा फोन तिच्याकडे नव्हता. परीक्षेची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी सुनीतीबाई पौडला जाऊन त्या वर्गाच्या फाटकाशी दिवसभर उभ्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली आत गेल्या, बाहेर आल्या. राजनंदिनी त्यांत नव्हती.

लग्नाला जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, तरी त्या गेल्या. तुकाबाईला भेटायचं तर दुसरी वाट नव्हती. रिह्यात घरासमोर मांडव घातला होता. सोमनाथनं त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, भावकीला ओळख करून दिली, "ह्याच त्या मॅडम." अक्षता पडल्यावर राजनंदिनी सगळ्यांच्या पाया पडत आली तशी त्यांच्याही पडली. पाया पडताना तिनं वर पाहिलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात तेवढा ठेवला. तिच्या केसांना हळदीचा वास येत होता.

तुकाबाई मांडवात नव्हती. ती मागे गोठ्यापाशी बसली होती. तिला तिथंच बसायला सांगितलं असावं. शेळ्या आता दोनच उरल्या होत्या. सुनीतीबाई जाऊन तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या, नव्या साडीसकट.

"तुकाबाई, मला वाटलं त्याचं मन बदलेल," त्या म्हणाल्या. "मी तिच्या भल्यासाठी केलं हो."

तुकाबाई शेळीच्या पाठीवरच्या गोमाश्या वारत होती. मांडवात वाजंत्री चालू होती. सुनीतीबाईंना रडू आवरेना. आयुष्यभर त्यांनी मुलींना बोलतं केलं, गप्प बसून, न उठता. आताही त्या तशाच बसून राहिल्या, पण समोरची बाई काही बोलेना.

"मला शिव्या घाला," शेवटी त्याच म्हणाल्या. "चार थोबाडीत मारा. पण काहीतरी बोला."

तुकाबाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग शोधत होत्या सुनीतीबाई, पण तिथं नुसता थकवा होता.

"बोलले की," ती म्हणाली. "जलमात येकदाच बोलले, तुमच्यापाशी."