बगळा कुणी कोरला

आमच्या वन्संनी टांकसाळीत तीस वर्षं नाण्यांचे साचे कोरले. आमच्या पंधरा वर्षांच्या लेकीला सुंदर नाण्यांचं वेड, आणि त्याहून मोठं वेड इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्यांची माहिती दुरुस्त करत बसण्याचं. शाळेचा अभ्यास तेवढा नादुरुस्त.

एका दुपारी तिने आत्याला बगळ्याच्या नाण्याचं पान दाखवलं. एक पाय उचललेला बगळा, खाली पाण्याच्या केसाएवढ्या बारीक रेघा. कोरीवकाम करणारे म्हणून नाव होतं टांकसाळीच्या मोठ्या साहेबांचं.

"साहेबांनी कोरला?" वन्सं हसल्या. "अगं, त्यांना बगळा आणि बदक यांतला फरक मी सांगितला. बगळा माझाय. घाल माझं नाव."

"आत्या, छापील पुरावा लागतो गं."

"मी जिवंत समोर बसलेय, ते पुरत नाही?"

"घरच्यांचा शब्द तर मुळीच चालत नाही."

वन्संचा चेहरा उतरला. घाल की, कोण बघतंय, असं मी लेकीला डोळ्यांनी खुणावलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग साहेबांच्या नावाला कुठला पुरावा दिलाय, ते ती शोधू लागली. एकही नव्हता. तिने ते नाव काढलं आणि कारण लिहिलं, 'पुरावा नाही.'

वन्संनी चष्मा लावून ती रिकामी जागा बराच वेळ न्याहाळली.

"साहेबांपेक्षा ही कोरी जागा बरी," त्या म्हणाल्या. "निदान खोटं तरी बोलत नाही."