डोक्यावर नको

"जरा घट्ट बांध आंटी, आज अंकलशी गाठ आहे," असं म्हणत नंदूने उजवा हात सेराफिनाच्या पुढ्यात धरला आणि तो हसला. तिला हसू आलं नाही. तिने पट्टीचं भेंडोळं उलगडलं.

चर्चच्या शाळेतला पाचवीचा वर्ग आज बॉक्सरांना कपडे बदलायला दिला होता. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर शुक्रवारचे भागाकार तसेच. बाहेर मैदानात रिंगभोवती अख्खं गावठाण लोटलं होतं. शिवाय साकीनाका, चकाला, मरोळ इथलीही माणसं होती, कारण महिनाभर भिंतीभिंतीवर पोस्टरं लागली होती : 'अंधेरीचा जुना वाघ युस्टेस विरुद्ध राज्यविजेता नंदू'. त्यातल्या 'जुना' या शब्दावर युस्टेस चार दिवस रुसून बसला होता. वाघ म्हटल्याबद्दल मात्र त्याची काहीच तक्रार नव्हती.

ज्याच्याशी लढायचं त्याच्याच बायकोकडून हात बांधून घ्यायचे, ही रीत जगात दुसरीकडे कुठे नसेल. इथे होती. सेराफिना एका कारखान्याच्या दवाखान्यात ड्रेसर होती. दिवसभर कापलेली बोटं आणि भाजलेले हात बांधायचे हेच तिचं काम. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून युस्टेसच्या मुठी तीच बांधायची, आणि त्याच्या क्लबात शिकायला येणाऱ्या पोरांच्याही. नंदू त्यांतलाच. पुढे तो शहरातल्या मोठ्या क्लबात गेला, कंपनीत लेथवर चिकटला, पेपरात त्याचा फोटो आला. पण महत्त्वाच्या लढतीआधी तो पट्टीचं भेंडोळं खिशात घालून हिच्याकडेच यायचा. दुसऱ्या कुणी बांधलं की मूठ आपली वाटत नाही, म्हणायचा.

युस्टेसचे हात तिने मघाशीच बांधले होते. तो आता व्हरांड्यात त्याचा चुलतभाऊ जॉनी याच्याबरोबर अंग गरम करत होता. त्याचं फुसफुस श्वास सोडणं तिला इथवर ऐकू येत होतं, आणि ते ऐकू येतंय तोवर ठीक आहे, असं ती स्वतःला सांगत होती.

भीती काही आजची नव्हती. पावसाळ्याच्या आधी एका रविवारी युस्टेस अर्धीच दाढी करून चर्चला निघाला होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर सुकलेला साबण. लोक पोट धरधरून हसले. युस्टेस म्हणजे मस्करीच, तोही मग हसला. पण त्याने आधी गालाला हात लावून पाहिला आणि त्याचा चेहरा क्षणभर कसा झाला, ते फक्त सेराफिनाने पाहिलं. नंतर एकदा तो विमानतळावरची ड्युटी संपवून घरी आला आणि स्वतःच्याच दारात चपला हातात घेऊन उभा राहिला, परक्याच्या घरी आल्यासारखा. तिने हाक मारली तेव्हा आत आला. तिने दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, शेजारच्या एका माणसाचं म्हणून. डॉक्टर म्हणाले, बॉक्सर आहे का? मग त्याला म्हणावं, आता पुरे. अशा डोक्याला एखादा ठोसा असा बसतो की माणूस उठतच नाही.

त्या रात्री तिने नंदूशी लढू नको म्हणून युस्टेसपुढे हात जोडले. तो रागावला नाही, हेच वाईट झालं. रागावला असता तर तिने भांडून घेतलं असतं. तो म्हणाला, पोराला मी शिकवलंय, आता त्याच्यासमोर मीच पाय मागे घेतला तर मी त्याला काय शिकवलं? ही एकच लढत, मग ग्लोव्हज खुंटीला. आणि तिचा हात धरून त्याने तिला घरातल्या वेदीसमोर नेलं आणि बाहेर कुणाला काही सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तिने घेतली. डोक्याला घालायचे टोप तेव्हा नुकतेच आले होते. ते तरी घाल, असं तिने सुचवून पाहिलं. टोप घालायला मी काय स्कूटरवर बसतोय, असं म्हणून त्याने तो विषय हसण्यावारी नेला.

आता तिच्या हातात नंदूचा हात होता. रुंद पंजा, जाड हाडाचा. या हाताने गेल्या महिन्यात दोन माणसं पहिल्याच राउंडात आडवी केली होती. तिने पट्टी अंगठ्यात अडकवली आणि मनगटावर वेढे द्यायला सुरुवात केली. किती ताणायचं हे तिच्या बोटांना पाठ होतं. आणि किती ताणलं की बोटं बधिर होतात, हेही.

तिने ताणलं. एक वेढा, त्यावर आणखी एक. नंदू खिडकीबाहेर बघत कुठलंसं गाणं गुणगुणत होता. त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडत चालली होती आणि तो चकार शब्द काढत नव्हता, कारण आंटीने बांधलंय म्हणजे ते बरोबरच असणार. बधिर मुठीने तो मारणार, मूठ वाकडी बसणार, हाड जाणार. मग लेथवर कसा उभा राहील हा? त्याची आई वनमाला तिला बाजारात भेटायची तेव्हा पोराच्या नोकरीचं किती कौतुक सांगायची! सेराफिनाला स्वतःचीच भीती वाटली. तिने सगळी पट्टी सोडली.

"काय झालं?" नंदूने विचारलं.

"चुकलं. परत बांधते."

तुझी चूक होत नाही कधी, असं तो म्हणाला. दोन्ही हात तिने नेहमीसारखे बांधले, चांगले बांधले, शेवटचं टोक आत खोचलं. आणि त्याचे हात सोडायची वेळ आली तेव्हा तिला ते सोडवेनात.

"नंदू, डोक्यावर मारू नको रे," ती म्हणाली. "त्याचं डोकं ठीक नाय. कुणाला ठाऊक नाय."

नंदू हसायच्या बेतात होता, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबला. तो काही विचारणार एवढ्यात बाहेर त्याचं नाव पुकारलं.

सेराफिना बायकांच्या बाकावर जाऊन बसली. हातात जपमाळ होती, पण शपथ मोडलेल्या बाईने कुठल्या तोंडाने जप करायचा? ती नुसतीच मणी घट्ट धरून होती. घंटा झाली आणि तिने डोळे मिटले. मग डोळे मिटल्यावर जास्त भीती वाटते असं लक्षात आल्यामुळे उघडले.

पहिला राउंड युस्टेसचा झाला. त्याचा डावा हात अजून तसाच होता, सुटला की दिसायचाच नाही. नंदू फक्त पोटावर आणि बरगड्यांवर मारत होता, तेही चाचपडत. लोक खुळावले. जुना वाघ, जुना वाघ, असा ओरडा सुरू झाला. शेजारची ऑलिव्ह तिला कोपराने ढोसत म्हणाली की तुझा नवरा तर पोराला खेळवतोय! सेराफिनाने मान हलवली. तिला वाटलं, असंच चालू दे, देवा, असेच दोन राउंड जाऊ देत.

दुसऱ्या राउंडात युस्टेसचा पाय जरासा घसरला. त्याचा गाल उघडा पडला आणि नंदूचा उजवा हात सवयीने वर आला. आला, आणि हवेतच थांबला. बाकीच्यांना वाटलं, नेम चुकला. पण त्या पोराचा नेम कसा चुकतो आणि कसा चुकत नाही, हे त्याला नेम शिकवणाऱ्याला कळणार नाही तर कुणाला?

युस्टेस एक पाऊल मागे सरला. मग त्याने दोन्ही हात खाली सोडले आणि तोंड पुढे केलं. मार, असं तो म्हणाला असावा. ओठ हलले एवढं दिसलं. लोकांना ती त्याची नेहमीची मस्ती वाटली आणि त्यांनी शिट्ट्या मारल्या. सेराफिना बाकावरून अर्धी उठली. एकच ठोसा, डॉक्टर म्हणाले होते. नंदू हात वर धरून तसाच उभा होता, आणि त्याने मान वळवून बायकांच्या बाकाकडे पाहिलं. तेवढ्यापुरतंच. युस्टेसने त्याची नजर जिथे गेली तिथे पाहिलं.

नवरा-बायकोची नजरानजर झाली. तिला वाटलं, आता त्याच्या डोळ्यांत राग येईल. राग आला नाही. त्याने हात पुन्हा वर घेतले आणि राउंड संपेपर्यंत तो असा लढला की पुढे कित्येक दिवस लोक त्याबद्दल बोलत होते. घंटा झाल्यावर तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, जॉनीने धरलेलं पाणी प्यायला, त्याच्याशी काहीतरी बोलला. जॉनी जोरजोराने मान हलवून नको नको म्हणत होता. युस्टेस उठला, रेफरीकडे चालत गेला आणि त्याच्या कानाशी लागला.

रेफरीने नंदूचा हात वर केला तेव्हा मैदानात आधी कुणाला काही समजलंच नाही. मग एकच गलका झाला. सेटिंग आहे, पैसे खाल्ले, असं मागून कुणीतरी ओरडलं. नंदू लहान मुलासारखा रडत होता. युस्टेसने त्याची मान आपल्या खांद्यावर दाबली, दोन थापा दिल्या आणि दोरांतून खाली उतरला.

घरापर्यंत ती दोघं बरोबर चालली. शपथेबद्दल तो आता बोलेल, वेदीसमोर गेल्यावर बोलेल, अशी तिला धास्ती वाटत होती. पण तो आत आलाच नाही. तोंड धुऊन बाहेर ओट्यावर बसला, ऐन रस्त्यावर, जिथून मैदानावरचे सगळे लोक परत जाणार होते. दार लावून घे, आत ये, असं ती म्हणाली. तो हलला नाही.

लोक येऊ लागले. मार्तंड पानवाला थांबला, म्हणाला, जिंकत होतास की रे, असं काय केलंस?

"दम संपला," युस्टेस म्हणाला. "वय झालं यार. पोरगा लय भारी आहे."

मार्तंड चुकचुकत पुढे गेला. मागून चार पोरं आली, त्यांनी तेच विचारलं. त्यांना त्याने तेच सांगितलं. आयुष्यात कधी दम संपला असं न म्हटलेला माणूस येईल त्याला छाती दाखवून, भात्यासारखा श्वास करून दाखवत होता. सेराफिना त्याच्या मागे उंबऱ्यात उभी होती. तिचा जीव भांड्यात पडला होता, त्याचा वाचला होता, आणि तिला रडू फुटत होतं.

चर्चच्या बाजूने ऑलिव्ह आणि आणखी बायका येताना दिसल्या. युस्टेसने मागे न बघता सांगितलं, "सेरा, तू आत जा. तुला खोटं बोलता येत नाय."

ती आत गेली. बाहेर बायका थांबल्या, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.